मैदानावरचा ठोसा आणि स्टँडमधली शिवी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, म्हणजे लंबगोल चेंडूने हात-पाय दोन्ही वापरून खेळल्या जाणाऱ्या इथल्या खेळाच्या सामन्यात दोन्ही संघांचे चाहते एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात, आणि मेलबर्नमध्ये स्थायिक झाल्यावर या खेळाकडे मला सर्वांत आधी ओढून नेले ते याच गोष्टीने. युरोपातल्या फुटबॉल सामन्यांत पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी वेगळा कोपरा, वेगळे प्रवेशद्वार आणि मधोमध पोलिसांची रांग असते. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर, कॉलिंगवुड आणि कार्लटन हे शतकाहून जुने वैरी भिडतात तेव्हासुद्धा एकाच रांगेत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर आणि गडद निळा मफलर शेजारी-शेजारी दिसतात. १९७० सालची अंतिम लढत याच दोन संघांत याच मैदानावर झाली, तेव्हा १,२१,६९६ प्रेक्षक हजर होते आणि तो आकडा आजवर कोणत्याही अंतिम सामन्याने ओलांडलेला नाही. ही सरमिसळ टिकून आहे ती लोकांच्या वागण्यावर आणि त्या वागण्याला असलेल्या मर्यादांवर. खेळाडूंसाठी या मर्यादा गेल्या चार दशकांत फार विचारपूर्वक आखल्या गेल्या. प्रेक्षकांच्या बाबतीत मात्र त्या आजही धरसोडीच्या आहेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी खेळाडूंचे पाहू. एएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेत, लाल कार्ड नाही. एखाद्याने प्रतिस्पर्ध्याचा जबडा मोडला तरी तो उरलेला सामना खेळू शकतो, आणि ज्याला इजा झाली त्याचाच संघ एका माणसाने कमी पडतो. शिक्षा होते ती नंतर. सामन्यानंतर मॅच रिव्ह्यू ऑफिसर चित्रीकरण तपासतो, गुन्ह्याची प्रत ठरवतो, आणि प्रकरण गंभीर असेल किंवा खेळाडूला निर्णय मान्य नसेल तर ते ट्रिब्युनलपुढे, म्हणजे लीगच्या शिस्तपालन न्यायमंडळापुढे, जाते. प्रत ठरवताना तीन प्रश्न विचारले जातात: कृती जाणूनबुजून केलेली होती की निष्काळजीपणाची, आघात किती जोराचा होता, आणि तो शरीरावर कुठे बसला. ही पद्धत परिपूर्ण नाही, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे, कारण ती हेतू आणि परिणाम या दोहोंना वजन देते आणि एकाच्या आडून दुसऱ्याला लपू देत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये पर्थच्या दोन संघांच्या सामन्यात वेस्ट कोस्टच्या अँड्र्यू गॅफने फ्रीमँटलच्या अवघ्या १८ वर्षांच्या अँड्र्यू ब्रेशॉला चेंडूपासून दूर असताना ठोसा मारला. ब्रेशॉचा जबडा मोडला, दात जागचे हलले. गॅफ त्या दिवशी खेळत राहिला. पुढे त्याला आठ सामन्यांचे निलंबन झाले आणि त्याच मोसमात त्याच्या संघाने विजेतेपद जिंकले तेव्हा तो मैदानाबाहेर होता. गॅफ शांत स्वभावाचा, स्वच्छ खेळासाठी ओळखला जाणारा खेळाडू होता, आणि जबडा मोडण्याचा त्याचा हेतू नव्हता हे बहुतेकांनी मान्य केले. तरीही शिक्षा झाली, कारण मोडलेला जबडा हेतूने जुळून येत नाही. अशा प्रसंगी खेळाडूला तिथेच बाहेर काढण्याची तरतूद हवी, असे मला वाटते. स्थानिक पातळीवरच्या अनेक लीगमध्ये ती आहेच.

पूर्वी इतकेही नव्हते. १९७२ मध्ये कॉलिंगवुडचा जॉन ग्रीनिंग चेंडू दुसरीकडे असताना झालेल्या आघाताने बेशुद्ध पडला आणि कोमात गेला. मारणाऱ्याला दहा सामन्यांचे निलंबन झाले. १९८५ मध्ये हॉथॉर्नच्या ली मॅथ्यूजने जिलॉन्गच्या नेव्हिल ब्रन्सचा जबडा मोडला, तेव्हा लीगने चार आठवड्यांसाठी त्याची नोंदणी रद्द केली आणि पोलिसांनी मारहाणीचा खटलाही भरला. न्यायालयाने त्याला दंड केला; अपिलात दोषसिद्धी रद्द झाली. पण सीमारेषेच्या आत देशाचा कायदा थांबत नाही, हे त्या खटल्याने सर्वांच्या लक्षात आणून दिले. त्याच वर्षी राखीव संघांच्या एका सामन्यात एका खेळाडूने पंचाला ढकलले आणि कठड्यापलीकडच्या प्रेक्षकावरही हात टाकला. त्याला दहा वर्षांची बंदी झाली. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये या खेळात कमरेइतका कठडाच असतो, त्यामुळे एका बाजूचा राग दुसऱ्या बाजूला पोहोचायला वेळ लागत नाही.

डोक्याच्या दुखापतींनी हा विचार आणखी खोल नेला. पॉली फार्मर हा या खेळातला एक महान खेळाडू. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीत सीटीई हा वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडला गेलेला आजार आढळला. डॅनी फ्रॉली आणि शेन टक या माजी खेळाडूंच्याही बाबतीत तेच निदान झाले. २०२१ पासून एएफएलमध्ये कंकशन, म्हणजे डोक्यावरच्या आघाताने मेंदूला धक्का, झालेल्या खेळाडूला किमान १२ दिवस खेळता येत नाही. २०२३ च्या फायनल्समध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या निर्णायक सामन्यांत, कॉलिंगवुडच्या ब्रेडन मेनार्डने चेंडू अडवण्यासाठी उडी मारली आणि खाली येताना त्याचा खांदा मेलबर्न संघाच्या अँगस ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. हा अँगस म्हणजे २०१८ मध्ये जबडा मोडलेल्या अँड्र्यूचाच थोरला भाऊ. ट्रिब्युनलने मेनार्डला निर्दोष ठरवले. काही महिन्यांनी अँगसला वैद्यकीय सल्ल्यावरून निवृत्त व्हावे लागले. आणि मेनार्डच्या प्रकरणानंतर एएफएलने नियम कडक करून, अशी उडी घेणाऱ्यावर समोरच्याच्या डोक्याची काळजी घेण्याची जबाबदारी स्पष्टपणे टाकली. एका घराने या खेळासाठी किती मोजावे, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

आता हीच मोजपट्टी घेऊन स्टँडकडे वळू. १७ एप्रिल १९९३ रोजी कॉलिंगवुडच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर सेंट किल्डाच्या निकी विनमार या आदिवासी खेळाडूने दिवसभर वर्णद्वेषी शिव्या ऐकल्या, आणि सामना जिंकल्यावर प्रेक्षकांकडे तोंड करून जर्सी वर उचलली व आपल्या काळ्या त्वचेकडे बोट दाखवले. दोन वर्षांनी मायकेल लाँग या आणखी एका आदिवासी खेळाडूने मैदानावर झालेल्या वांशिक अपमानाविरुद्ध दाद मागितली आणि १९९५ मध्येच एएफएलने वांशिक व धार्मिक अवहेलनेविरुद्धचा नियम आणला. तो नियम खेळाडूंना बांधणारा होता. कठड्यापलीकडच्या माणसाला तो बांधत नव्हता, आणि त्याची किंमत पुढे ॲडम गुड्सने चुकवली.

गुड्स सिडनी स्वान्सचा आदिवासी खेळाडू: ३७२ सामने, २००५ आणि २०१२ ची विजेतेपदे, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी २००३ आणि २००६ ची ब्राउनलो पदके, आणि २०१४ मध्ये देशाचा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान. मे २०१३ मध्ये, आदिवासी खेळाडूंच्या गौरवासाठी राखलेल्या फेरीत, एमसीजीवर १३ वर्षांच्या एका मुलीने त्याला वानर म्हटले. त्याने तिच्याकडे बोट दाखवून सुरक्षारक्षकांना कळवले, आणि नंतर लोकांना विनंती केली की दोष त्या मुलीवर टाकू नका, तिला आधार द्या. त्यानंतरच्या काळात गुड्सच्या हाती चेंडू आला की हजारो लोक हुर्यो करू लागले. ही हुर्यो त्याच्या खेळण्याच्या पद्धतीबद्दल आहे, वंशाशी तिचा संबंध नाही, असे कित्येकांनी सांगितले. काहींच्या मनात खरेच तसे असेलही. पण ट्रिब्युनलचे तीन प्रश्न इथे लावून पाहा: हेतूबद्दल वाद घालता येईल, आघात किती जोराचा होता याबद्दल घालता येणार नाही, आणि तो कुठे बसला याबद्दल तर नाहीच. २०१५ मध्ये गुड्स काही दिवस खेळापासून दूर गेला, मोसमाच्या शेवटी निवृत्त झाला, आणि अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना मिळणारी मानाची फेरीही त्याने घेतली नाही. एएफएल आणि सर्व १८ क्लबांनी बिनशर्त माफी मागितली ती २०१९ मध्ये. इतका उशीर मला अक्षम्य वाटतो, कारण हुर्यो दर आठवड्याला उघडपणे ऐकू येत होती आणि ती थांबवा असे स्पष्ट शब्दांत सांगायला कोणत्याही नव्या नियमाची गरज नव्हती.

आणि त्याच २०१९ मध्ये दुसरे टोक गाठले गेले. मेलबर्नच्या मार्व्हल स्टेडियममध्ये गर्दीवर नजर ठेवणारे खास अधिकारी रांगांमधून फिरू लागले, आणि पंचाला त्याच्या टकलावरून शिवी दिल्याबद्दल एका कार्लटन समर्थकाला बाहेर काढले गेले. चाहते संतापले, आपल्याच खेळात आपल्याला परके केले जात आहे अशी भावना पसरली, आणि शेवटी एएफएलचे मुख्य कार्यकारी अधिकारी गिलन मॅकलाकलन यांना चाहत्यांची माफी मागावी लागली. टकलावरून हिणवणे असभ्य आहे, मी त्याचे समर्थन करणार नाही; परंतु याच मोजपट्टीवर तो सौम्य आघात ठरतो, आणि सौम्य आघाताला समज पुरेशी असते. जिथे हजारोंनी मिळून एका माणसाला खेळातून घालवले तिथे मौन, आणि जिथे एकाने तोंडाळपणा केला तिथे हकालपट्टी, अशा वागण्याने नियमावरचा विश्वासच उडतो.

पंचांचे रक्षण मात्र मला फार महत्त्वाचे वाटते, आणि त्याची सुरुवात खेळाडूंपासून होते. २०२१ च्या फायनल्समध्ये टोबी ग्रीन या खेळाडूने पंचाला जाणूनबुजून धक्का दिला. ट्रिब्युनलने दिलेली तीन सामन्यांची शिक्षा एएफएलने स्वतः अपील करून सहावर नेली. पुढच्या मोसमापासून पंचाकडे पाहून हात पसरून नाराजी दाखवली तरी प्रतिस्पर्ध्याला ५० मीटर पुढे जायला मिळू लागले. अनेक चाहत्यांना हा नियम जाचक वाटला. मला तो पटतो, कारण शनिवारी सकाळी लहान मुलांच्या सामन्यात शिटी वाजवणारा पंच कधी कधी स्वतःच शाळकरी मुलगा असतो, आणि त्याच्यावर ओरडणाऱ्या पालकांनी ते हातवारे टीव्हीवरूनच उचललेले असतात.

प्रेक्षकांच्या शारीरिक सुरक्षिततेचा प्रश्न काहीसा वेगळा आहे. मार्च २०२२ मध्ये सिडनी स्वान्सच्या लान्स फ्रँकलिनने कारकिर्दीतला १००० वा गोल केला तेव्हा सिडनी क्रिकेट ग्राउंडवर हजारो लोक कठडा ओलांडून आत धावले आणि खेळ अर्ध्या तासाहून अधिक थांबला. तो आनंदाचा क्षण होता, आणि अशा मोठ्या टप्प्यांवर या खेळाने लोकांना आत येऊ देण्याची रीत जुनी आहे. ३ एप्रिल २०२५ रोजी मात्र कॉलिंगवुड-कार्लटन सामन्यात ८० हजारांहून अधिक लोक बसलेले असताना एमसीजीमध्ये दोन माणसे भरलेली पिस्तुले घेऊन सापडली. तपासणी यंत्रे दारात होती. चूक त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या माणसांकडून झाली. त्यानंतर तपासणी कडक झाली, रांगा लांबल्या, आणि त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

स्टँडमध्ये त्रास देणाऱ्याची तक्रार मोबाइलवरून संदेश पाठवून करता येते, मोठ्या पडद्यावर तो क्रमांक सामन्यात वारंवार झळकतो. मागच्या रांगेतला एक जण एका आदिवासी खेळाडूबद्दल घाणेरडे बोलत होता तेव्हा मी तो वापरला. थोड्याच वेळात दोन कर्मचारी आले आणि त्याला शांतपणे घेऊन गेले. पुढे त्याचे काय झाले ते मला कळले नाही. खेळाडूंच्या बाबतीत असे होत नाही. २०२४ मध्ये जेरेमी फिनलेसनला समलैंगिकांचा अपमान करणाऱ्या शब्दासाठी तीन सामने बाहेर बसावे लागले, २०२५ मध्ये आयझॅक रँकिनला तशाच अपराधासाठी चार. शिक्षा किती, ती का, आणि आधीच्या प्रकरणांशी तिचा मेळ कसा बसतो, हे सर्व प्रत्येकाला वाचता आले आणि त्यावर वाद घालता आला. प्रेक्षकांवरची कारवाई एखाद्या गाजलेल्या प्रकरणापुरतीच बातमीत दिसते. प्रत्येक क्लबने आणि प्रत्येक मैदानाने मोसमाच्या अखेरीस, कोणाचेही नाव न घेता, किती तक्रारी आल्या, त्या कशाबद्दल होत्या, कितीजणांना समज दिली आणि किती जणांचे सदस्यत्व किती काळासाठी काढून घेतले, याची यादी प्रसिद्ध करावी, आणि ती ट्रिब्युनलच्या त्याच तीन प्रश्नांच्या आधारे मांडावी, ही माझी मागणी आहे. मी ज्या क्लबचा सदस्य आहे त्याला पुढच्या मोसमाआधी मी हे लेखी कळवणार आहे.