क्रमांक धरून लंडनची नॅशनल गॅलरी पाहताना : माझा अनुभव

लंडनच्या नॅशनल गॅलरीत चित्रं साधारण काळ आणि प्रदेशानुसार लावलेली आहेत. त्यातून युरोपची चित्रकला समजते, पण हा संग्रह जमला कसा ते समजत नाही. त्यासाठी मी चित्राशेजारच्या पाटीवरच्या दोन गोष्टी धरल्या : 'एनजी' अक्षरांपुढचा क्रमांक, आणि चित्र विकत घेतलं, भेट आलं की मृत्युपत्रातून आलं ते सांगणारी वर्षासकटची ओळ. वहीत तीनच रकाने आखले : क्रमांक, वर्ष, मार्ग.

एनजी १ म्हणजे सेबास्टियानो देल पिओम्बोचं लाझरसचं भव्य चित्र. विमा व्यवसायातले जॉन ज्युलियस अँगरस्टाइन वारल्यावर सरकारने त्यांची ३८ चित्रं १८२४ मध्ये ५७,००० पौंडांना घेतली, त्यांतलं हे. इथे कुठल्या राजाचा खजिना ताब्यात आला नाही. पॅल मॉलवरच्या अँगरस्टाइन यांच्याच घरात १० मे १८२४ ला गॅलरी उघडली. ट्रॅफल्गार चौकातली इमारत १८३८ ची.

पहिली अडचण इथेच येते. लहान क्रमांक म्हणजे आधी आलेलं चित्र, असं धरलं की रकाने जुळेनात. कोरेज्जोचं एनजी १० हे १८३४ चं, तर तिशनचं 'बॅकस आणि अरियाडने' एनजी ३५ असून १८२६ चं. होगार्थची 'मॅरिज अ-ला-मोड' ही सहा चित्रं अँगरस्टाइन यांच्याच लॉटमधली, पण त्यांचे क्रमांक ११३ ते ११८. म्हणून सुरुवातीच्या क्रमांकांसाठी वर्षाचीच ओळ प्रमाण मानावी. पुढे क्रमांक आणि वर्ष बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात.

एनजी १८६ पाशी मात्र थांबावंच. यान व्हान आयकचं अर्नोल्फिनी दांपत्य, १४३४ चं, गॅलरीने १८४२ मध्ये ६०० पौंडांना घेतलेलं. फळी जेमतेम ८२ बाय ६० सेंटिमीटरची. लांबून जोडप्याचे कपडेच दिसतात. जवळ गेलं की मागच्या फुगीर आरशाच्या चौकटीत ख्रिस्ताच्या यातनांचे दहा इवलेसे प्रसंग दिसू लागतात, आणि आरशात दारातून आत येणारी दोन माणसं. इतक्या जुन्या फ्लेमिश चित्राची ही खरेदी मला फार मोलाची वाटते, कारण जुन्या इटालियन चित्रांचा मोठा ओघ चार्ल्स ईस्टलेक १८५५ मध्ये पहिले संचालक झाल्यावर सुरू झाला. उच्चेल्लोची सान रोमानोची लढाई, एनजी ५८३, १८५७ ची.

दुसरी अडचण गाळलेल्या क्रमांकांची. क्रमांक साडेसहा हजारांपलीकडे गेलेत (स्टब्जचा 'व्हिसलजॅकेट' घोडा, १९९७ मधला, एनजी ६५६९), पण चित्रं आहेत तेवीसशेच्या थोडी वर. चित्रं हरवलेली नाहीत. १८९७ मध्ये उघडलेलं टेट हे लंडनमधलंच दुसरं कलासंग्रहालय आधी याच गॅलरीच्या अखत्यारीत होतं, १९५४ च्या कायद्याने वेगळं झालं, आणि तोवर क्रमांकांची यादी एकच होती. टेटमध्ये इंग्रज चित्रकार टर्नरच्या बर्फाच्या वादळातल्या आगबोटीच्या चित्राचा क्रमांक आजही एन ००५३० आहे. त्याच्याच आगगाडीचं चित्र, एनजी ५३८, मात्र इथेच राहिलं. त्यामुळे गाळलेला क्रमांक दिसला की आधी टेटची यादी शोधावी.

टर्नरने मृत्युपत्रातून दिलेला, ही दोन्ही चित्रं ज्यात होती तो ठेवा १८५६ मध्ये राष्ट्राकडे आला, तेलचित्रंच जवळपास ३००. त्यांतल्या दोन चित्रांसाठी त्याची अट होती : ती क्लोद लोरेनच्या दोन चित्रांशेजारी लावायची. गॅलरीने ती पाळली. माझ्या वहीत ज्यांच्यामध्ये बरीच पानं आहेत, ते १२ आणि १४, ४७९ आणि ४९८, म्हणजे क्लोदचे १८२४ चे दोन आणि टर्नरचे १८५६ चे दोन, तिथे शेजारी शेजारी टांगलेले दिसतात.