गलाईचा तांबूस धूर आणि कॉस्टिकची मर्यादा

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक कित्येक दशके देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी शुद्ध करत आले आहेत. सोन्यात मिसळलेली चांदी आणि तांबे नायट्रिक आम्लात विरघळवून सोने मागे ठेवायचे, ही त्या कामातली एक महत्त्वाची पायरी. त्या वेळी भांड्यातून उठणारा तांबूस धूर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा असतो. तो फुप्फुसाला घातक आहे आणि त्याचा खरा त्रास कधीकधी काही तासांनी, माणूस घरी जाऊन झोपल्यावर, सुरू होतो. म्हणून तो हुडाखाली (भांड्यावरच्या धूर खेचणाऱ्या झाकणाखाली) ओढून कॉस्टिक सोड्याच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड या तीव्र अल्कलीच्या, स्क्रबरमधून (धूर द्रावणाने धुणाऱ्या यंत्रणेतून) सोडण्याच्या खर्चात कोणीही काटकसर करू नये, असे मला कळकळीने वाटते.

मात्र टाकीत कॉस्टिक भरले की काम झाले, ही समजूत अपुरी आहे. तांबूस दिसतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याच्या जोडीचा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो आणि एकटा असेल तर अल्कलीत जवळजवळ शोषलाच जात नाही. दोन्ही वायू सम प्रमाणात असले, तर त्यांच्या संयोगातून बनणारा ट्रायऑक्साइड कॉस्टिकमध्ये चटकन शोषला जाऊन सोडियम नायट्राइट तयार होते. आम्ल तीव्र असताना तांब्यापासून मुख्यतः डायऑक्साइड निघतो, पण आम्ल खर्ची पडून सौम्य होत गेले की नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण वाढते. म्हणजे धूर फिका पडला म्हणून आपण निर्धास्त होतो, नेमका तेव्हाच स्क्रबर कमी पडू लागतो.

यावर मार्ग म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचे आधी ऑक्सिडीकरण करणे. हवेतला ऑक्सिजन ते करतो. पण या अभिक्रियेचा वेग नायट्रिक ऑक्साइडच्या प्रमाणाच्या वर्गाशी (स्क्वेअरशी) निगडित असल्यामुळे वायू विरळ झाला की ती फार मंदावते, आणि इतर बहुतेक अभिक्रियांच्या उलट, तापमान वाढले तरीही मंदावते. म्हणून वायू थंड करावा, गरजेपेक्षा जास्त हवा ओढू नये आणि या अभिक्रियेला वेळ मिळावा म्हणून स्क्रबरच्या दोन टॉवरच्या मध्ये पुरेशी रिकामी जागा ठेवावी. तेवढ्याने भागले नाही, तर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ओझोन वापरावा. या शोषणाचे सविस्तर गणित जोशी, महाजनी आणि जुवेकर या रासायनिक अभियंत्यांनी 1985 मधल्या प्रदीर्घ आढावा लेखात मांडले आहे.

स्क्रबरमधल्या द्रावणाचा पीएचही (ते किती अल्कलीयुक्त उरले आहे हे दाखवणारा आकडा) रोज तपासावा. आणि वापरून झालेले नायट्राइटयुक्त पाणी आम्लाच्या सांडपाण्यात कधीही ओतू नये, कारण त्यातून तोच धूर पुन्हा बाहेर पडतो, आणि त्या टाकीवर सहसा हुड नसतो.