आईचा गुडघा, वडिलांची कंबर आणि एकच शब्द: इंजेक्शन

गेल्या वर्षी आमच्या घरात दोघांनाही जवळजवळ एकाच वेळी ‘इंजेक्शन घेऊन पाहा’ असा सल्ला मिळाला. आईचे गुडघे संधिवाताने झिजले आहेत. वडिलांना कंबरेतून निघून पोटरीपर्यंत जाणारी कळ येते. शब्द एकच असला तरी औषध, सुई टोचण्याची जागा आणि अपेक्षा या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हाला कोणी नीट समजावून सांगितले नाही. म्हणून मी जे वाचले आणि विचारले, ते येथे लिहून ठेवत आहे.

गुडघ्यासाठी सर्वांत जुने आणि स्वस्त इंजेक्शन स्टेरॉइडचे. सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देण्याची पद्धत 1951 च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाली आणि ती आजही टिकून आहे, कारण सूज आणि ठणका त्याने खरोखर उतरतो. मात्र तो आराम बहुधा काही आठवड्यांचाच असतो. ते वारंवार घेण्याबद्दल मला धास्ती वाटते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 140 रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे दर 12 आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम ट्रायॲम्सिनोलोन हे स्टेरॉइड आणि उरलेल्यांना मिठाचे पाणी, म्हणजे सलाइन, टोचण्यात आले. वेदनेत लक्षणीय फरक पडला नाही, पण स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, अधिक झिजली. शिवाय मधुमेह असलेल्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस चढते. आईला मधुमेह आहे, त्यामुळे ही गोष्ट आधी सांगितली जायला हवी होती.

दुसरे इंजेक्शन ‘जेल’चे किंवा ‘वंगणा’चे. यातील हायलुरोनिक आम्ल काही उत्पादनांत कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेले असते, हे शाकाहारी कुटुंबांनी विचारून घ्यावे. वंगण घातले की सांधा पुन्हा नीट चालेल, ही कल्पना मनाला पटते, पण अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये ते न वापरण्याची शिफारस केली: गुडघ्यासाठी सशर्त, तर खुब्यासाठी ठाम. तिसरे, आपल्याच रक्तातील प्लेटलेट वेगळ्या करून दिले जाणारे पीआरपी. 2021 च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत 288 जणांना दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने दिली गेली. वर्षानंतर पीआरपी आणि सलाइन यांच्यात वेदनेच्या बाबतीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे की सलाइन घेतलेल्यांचेही दुखणे बरेच कमी झाले होते. शेजारच्या काकू ‘मला पीआरपीने गुण आला’ म्हणतात तेव्हा त्या खोटे बोलत नाहीत. पण तो गुण पीआरपीचाच होता, हे त्यावरून ठरत नाही. स्टेरॉइडकडून पीआरपीकडे जाताना खर्च कित्येक पटींनी वाढतो, पुराव्याचे बळ मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

कंबरेची गोष्ट निराळी आहे. मणक्याच्या नळीत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत दिले जाणारे एपिड्युरल स्टेरॉइड हे नुसत्या कंबरदुखीसाठी नसून, मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्यामुळे पायात उतरणाऱ्या कळेसाठी, म्हणजे सायटिकासाठी आहे. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शनानुसार, साध्या कंबरदुखीला मणक्यातील इंजेक्शने देऊ नयेत; तीव्र आणि नुकत्याच सुरू झालेल्या सायटिकासाठी त्यांचा विचार करता येतो. मणक्याची नळी अरुंद झालेल्या 400 रुग्णांवरील 2014 च्या चाचणीत, नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा त्यात स्टेरॉइड मिसळल्याने सहा आठवड्यांनी फारसा जादा लाभ दिसला नाही. धोका क्वचित असला तरी गंभीर आहे: त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दृष्टी जाणे, पक्षाघात आणि मृत्यू यांबाबत इशारा दिला.

वडिलांची कळ दोन वर्षांची जुनी असल्याने, दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून आम्ही एपिड्युरल टाळले. पायातील ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर तत्काळ यायचे, असे त्यांनी बजावले आहे. आईने एकच स्टेरॉइड इंजेक्शन घेतले आणि पाच दिवस साखर रोज तपासली. ठणका उतरलेल्या त्या दीड महिन्यात फिजिओथेरपिस्टने तिला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. इंजेक्शनचा असर आता ओसरला आहे, पण गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती रोज सकाळी ते व्यायाम करते.