ताई, व्हीलचेअर आणि दोन पार्क: साताऱ्याहून केलेल्या दोन ट्रिपा

आधीच सांगतो, दोन्ही पार्कांची नावं लिहिणार नाही. नावं लिहिली की गेटवरच्या पोराची नोकरी जाते आणि मॅनेजर आहे तिथंच बसतो, हे मी कंपनीत बघितलंय. एकाला नवं म्हणतो, एकाला जुनं. दोन्ही साताऱ्याहून पहाटे निघून रात्री घरी येण्यासारखी, दोन्हीकडं कोरड्या राइड्स पण आहेत आणि वॉटर पार्क पण, तिकिटात थोडाफारच फरक.

आम्ही चौघं. मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी मोठी बहीण. ताईला लहानपणी पोलिओ झाला, घरात पायाला कॅलिपर (आधाराची लोखंडी पट्टी) घालून चालते पण लांबचं असलं की व्हीलचेअर. मुलाला दोन्ही कानांना मशीन आहे. म्हणजे आमच्या घरचे दोन वेगळे प्रश्न एकाच तिकीट खिडकीवर उभे राहतात. आणि ताईचं या पार्कांशी जुनं भांडण आहे. एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झालं, नंतर आमच्या शाळेची सहल तिथं गेली, गोराईला जायचं म्हणजे बोटीतनं, तर सरांनी परस्पर ठरवलं की हिला बोटीत कोण चढवणार, हिचे पैसे परत द्या. ते पैसे तिनं घेतले आणि साताऱ्यात राजवाड्यावर भेळ खाल्ली, पण विसरली नाही. तीस वर्षांनी मी विचारलं जायचं का, तर म्हणाली गाडी कधी काढतोस.

गाडीचं पहिलं. आमची वॅगनआर सीएनजीची, डिकीत टाकी, व्हीलचेअर कुठं ठेवणार? मागच्या सीटवर ठेवली तर माणसं कुठं? शेवटी शेजाऱ्यांची अर्टिगा मागून घेतली आणि तिसरी रांग पाडली. तुमची पण सीएनजी असेल तर आदल्या रात्रीच खुर्ची घडी करून गाडीत घालून बघा, पहाटे पाच वाजता पोवई नाक्यावर उभं राहून नको.

नवं पार्क बुधवारी केलं. सगळे सांगतात ना, मधल्या वारी जा, गर्दी नसते. मी पण तोच विचार केला आणि फसलो, त्याचं सविस्तर सांगतो कारण व्हीलचेअरवाल्यांसाठी हा सल्ला बरोबर उलटा आहे.

इमारत म्हणून नव्याला नावं ठेवायला जागा नाही. पार्किंगपासून गेटपर्यंत सपाट ब्लॉक, रॅम्प अगदी नियमात. नियम सोपा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी, तेवढा उतार असला की खुर्चीवरचं माणूस हातानं चाकं फिरवत स्वतः वर जातं. ताई गेली पण स्वतः, मला म्हणाली हात लावू नकोस. टॉयलेट मोठं, दार रुंद, आत खुर्ची गोल फिरते, दांडे घट्ट. मी मनात म्हटलं चला, पैसे वसूल.

मग आली वरच्या मजल्यावरची राइड. लिफ्ट होती, पण बंद. चावी एका माणसाकडं आणि तो माणूस पार्कच्या दुसऱ्या टोकाला. गर्दी कमी म्हणून स्टाफ कमी, आणि स्टाफ कमी म्हणून एकच क्रू दोन-दोन राइड्स आलटून पालटून चालवत होता. अकरा ते बारा ही राइड, बारा ते एक ती, असा तक्ता आतल्या एका खांबावर चिकटवलेला. चालणारी माणसं काय, धावत जातात. आम्ही त्या टोकाला पोचेपर्यंत क्रू या टोकाला निघालेला. ताई म्हणाली, आपण राइड बघायला आलोय का राइडवाल्यांना.

माझं काम एमआयडीसीत लाइनवर सुपरवायझरचं, त्यामुळं घड्याळ लावून बघायची खोड. तिथला छोटा रोलर कोस्टर सोळा सीटचा आणि त्यावर माणूस एक. तोच गेट उघडणार, तोच उंचीच्या पट्टीवर पोरं उभी करणार, तोच चपला-पिशव्या बाजूला ठेवायला लावणार, बसलेल्यांच्या मांडीवर येणारे सोळा दांडे ओढून बघणार आणि मग पळत पॅनेलवर जाऊन बटण दाबणार. एका फेरीला सहा-साडेसहा मिनिटं. जुन्या पार्कातला कोस्टर पण सोळाचाच, तिथं तीन माणसं होती, एक पॅनेलवर आणि दोघं दोन्ही बाजूंनी दांडे तपासणारी, दोघांचे अंगठे वर झाल्याशिवाय तिसरा हात लावत नाही. फेरी तीन मिनिटांत. म्हणजे एकीकडं तासाला तीनशे वीस माणसं आणि दुसरीकडं कशीबशी दीडशे. गर्दी निम्मी असून रांग तेवढीच का, याचं उत्तर एवढंच आहे. त्या एकट्या पोराला दोष देत नाही हां, तो नीट करत होता म्हणून वेळ लागत होता, घाई केली असती तर मी मुलाला खाली उतरवलं असतं.

पण ताईला बघून तो पोरगा तिच्याशी बोललाच नाही. माझ्याकडं बघून हात हलवला आणि म्हणाला, पेशंटला अलाउड नाही. ताई म्हणाली, पेशंट कोण आहे इथं? तो गप्प. का नाही ते विचारलं तर म्हणाला वरून ऑर्डर आहे. त्याच्याकडं सांगायला वेळ पण नव्हता, मागं रांग.

दुपारी वॉटर पार्क. मुलाची मशीनं काढून डबीत घातली, ही डबी सिलिका जेलची पुडी टाकून बायकोच्या पर्समध्ये, लॉकरमध्ये नाही, उन्हात लॉकर तापतो. मशीन काढलं की त्याला शिट्टी ऐकू येत नाही, आणि वॉटर पार्कचा सगळा कारभार शिट्टीवर. लाटांच्या पूलमध्ये लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजतो, सगळे मागं सरकतात, आमचा खोलगट बाजूला तसाच उभा. लाइफगार्ड ओरडला, ए, ऐकू येत नाही का? बायको काठावरनं तेवढ्याच जोरात, नाही येत! पूलमधली पन्नास माणसं आमच्याकडं बघायला लागली. मी कपड्यांसकट आत. त्या पूलला त्या वेळी एकच लाइफगार्ड होता, दुसरी उंच खुर्ची रिकामी.

तीन आठवड्यांनी जुनं पार्क, शनिवारी. गर्दी मरणाची. आणि इमारत बघितली तर हसू येईल. गेटजवळ तीन पायऱ्या, दीड फुटाची उंची, त्याला अठरा फूट रॅम्प पाहिजे, तिथं होता आठ फुटांचा, म्हणजे घसरगुंडीच. दिव्यांगांचं टॉयलेट म्हणून बोर्ड, आत दोन मॉप, एक बादली आणि फिनाइलचे कॅन. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खाजगी आस्थापनांना पण लागू आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशी म्हणून ठेवू नका, बंधनकारक करा. पण फिनाइलच्या कॅनला कोर्ट माहीत नसतं. मॉप बाहेर काढायला लावले तेव्हा आत जाता आलं.

रॅम्पवर अजून एक झालं. आम्ही खाली पोचतोय तोवर दोन पोरं धावत आली आणि न विचारता मागनं खुर्ची धरून उचललीच. चांगल्या मनानं, पण ताईचा एक हात चाकावर होता, बोटं आत जायची वाचली. ती असली ओरडली, मी काय साखरेचं पोतं आहे का रे! पोरं घाबरली. मग एक बाई आल्या, कोस्टरवरची सुपरवायझर, पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. तिनं पोरांना बाजूला केलं, ताईसमोर खाली बसली आणि विचारलं, ताई, तुम्हाला कसं नेलेलं आवडेल? ताईनं सांगितलं, चढताना एकानं मागनं ढकला, उतरताना खुर्ची उलटी करून, पाठीकडनं उतरवा, पुढून धरायला एक जण पुरे. पोरांनी ते दिवसभर लक्षात ठेवलं. संध्याकाळी जाताना त्यातलाच एक दुसऱ्या पोराला शिकवत होता, आधी विचारायचं असतं म्हणून.

आता कोस्टरचं. इथं पण ताईला नाहीच बसता आलं, पण कसं ते ऐका. ती बाई म्हणाली, बसून बघू आपण, ट्रेन रिकामी आहे तोवर. ताई खुर्चीवरनं स्वतः सीटवर सरकली, हात दणकट आहेत तिचे. मांडीवरचा दांडा खाली आला, डाव्या मांडीवर घट्ट बसला, उजवी मांडी पोलिओनं बारीक आहे, तिथं दांडा आणि पाय यांच्यामध्ये फट. बाईनं आपला पंजा त्या फटीत घातला, आडवा, मनगटापर्यंत गेला. म्हणाली, ताई, माझा हात जातोय म्हणजे वळणावर तुम्ही पण सरकणार. हा दांडा तुम्हाला धरणार नाही, मी सोडणार नाही. आणि दुसरं, ट्रेन वर चढणीवर थांबली तर बाजूच्या लोखंडी जिन्यानं स्वतः उतरावं लागतं, तो जिना हा बघा. तो जिना एवढा अरुंद की उचलून आणायला पण दोन माणसं शेजारी मावणार नाहीत.

ताई पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, खरं बोलली पोरगी.

त्यानंतर त्या बाईनं वॉकीटॉकीवर पुढं निरोप दिला. आकाशपाळण्यावर त्यांनी पाळणा पूर्ण थांबवला, नेहमी तो हळू फिरत असतानाच चढायचं असतं, ताईला बसवलं आणि मगच हलवला. मेरी गो राउंडमध्ये घोड्यांच्या मध्ये एक बाकडं असतं रथासारखं, तिथं. लेझी रिव्हरमध्ये, म्हणजे हळू वाहणाऱ्या पाण्याच्या पाटात, ट्यूबवर, पायऱ्यांजवळ दोघांनी ट्यूब धरली, ती घसरली आणि बसली, तासभर फिरत होती, हात सोडून, डोळे मिटून. आम्ही तिला शोधत होतो जेवायला. उंच स्लाइडला मात्र दोन्ही पार्कांत जिनेच जिने, तिथं काही इलाज नाही.

मुलाच्या बाबतीत मी या वेळी आधीच लाइफगार्डला गाठलं. तो मुलाच्या समोर उभा राहिला, त्याला हातवारे दाखवले, हात वर म्हणजे थांब, हात आडवा म्हणजे मागं हो, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या लाइफगार्डला पण खूण करून दाखवलं की हा निळ्या टोपीचा. एक मिनिट लागलं. निळी टोपी आमची नव्हती, तिथल्या दुकानातनं घेतली, महाग होती पण घ्या, भडक रंगाची घ्या.

परत येताना ताई मोबाइलवर वाचून दाखवत होती. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओ गावात मॉर्गन्स वंडरलँड म्हणून पार्क आहे, २०१० ला सुरू झालं, एका बापानं आपल्या मुलीला सगळ्यांबरोबर खेळता यावं म्हणून बांधलं. दिव्यांगांना तिकीटच नाही. २०१७ ला शेजारी वॉटर पार्क काढलं, तिथं पाण्यात न्यायच्या व्हीलचेअर आहेत ज्या बॅटरीवर नाही, दाबलेल्या हवेवर चालतात. ताई म्हणाली हवेची खुर्ची राहू दे, आपल्याकडं लिफ्टची चावी लिफ्टपाशी ठेवली तरी बास.

आता तुम्ही जाणार असाल तर. फोन करून व्हीलचेअरची सोय आहे का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्यांच्यासाठी सोय म्हणजे गेटवर उभी असलेली एक मोडकी खुर्ची. विचारा, मी ज्या दिवशी येणार त्या दिवशी लिफ्ट कोण चालवतं, कुठल्या राइड्स स्लॉटवर आहेत, स्लॉटचा तक्ता व्हॉट्सॲपवर पाठवाल का. नव्या पार्कानं मला नंतर खरंच पाठवला, मागितल्यावर. तो हातात असता तर आमचा बुधवार वाया गेला नसता. बुधवारी जायचंच असेल तर तक्ता घेऊन जा, नाहीतर सरळ शनिवारी जा, रांग लागेल पण माणसं असतील. मे महिना मात्र टाळा, तेव्हा सीझनची नवी पोरं भरलेली असतात, त्यांना पॅनेल शिकवायलाच वेळ पुरत नाही.

टॉयलेटच्या दाराला आपल्या खुर्चीची रुंदी लागते, म्हणून घरीच मोजून ठेवा, एका चाकाच्या बाहेरच्या कड्यापासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कड्यापर्यंत. युडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स खिशात आणि मूळ कार्ड फोनच्या कव्हरमध्ये. सोबत्याच्या तिकिटात सवलत आहे का ते खिडकीवरच विचारा, बोर्डावर लिहिलेलं नसतं, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत, पण औषधं आणि औषधापुरतं खाणं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की दोन्हीकडं सोडलं. ट्यूबची चाकं असतील तर छोटा पंप. आणि कोणी मागनं येऊन खुर्ची धरायच्या आधीच, गेटवरच, मोठ्यांदा सांगून टाका कसं धरायचं.

एक चूक आमची. वॉटर पार्कात आम्ही ताईची रोजचीच खुर्ची नेली. पुसली वगैरे, पण सोमवारी पुढचं चाक कुरकुरायला लागलं, उघडलं तर बेअरिंगमध्ये अजून पाणी आणि कडेला गंज धरलेला. क्लोरिनचं पाणी आहे ते. घरी आल्यावर कितीही दमलात तरी त्याच रात्री चाकं काढा, साध्या पाण्यानं धुवा, पंख्याखाली ठेवा आणि सकाळी ऑइल घाला. जुनी खुर्ची असेल तर तीच न्या.