तुम्ही विचारलंत म्हणून: चावत नाही का तो?

फलटणहून फोन आला की हल्ली हवापाण्याच्या आधी हाच प्रश्न. "तुमच्याकडे म्हणे कोल्हा पार दारात येतो. चावत नाही का गं?"

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे उसात लपतो, रात्री कोल्हेकुई करतो, तो कोल्हा वेगळा. इथे लंडनच्या कडेला, हॅरोत, माझ्या परसात येते ती तांबूस अंगाची, शेपटीच्या झुपक्याला पांढरं टोक असलेली मादी. आपल्या माळावरच्या खोकडाची थोरली बहीण म्हणा. पण फोनवर 'खोकड' म्हटलं की भाचरं "काय?" म्हणतात, म्हणून कोल्हाच.

पहिल्यांदा दिसली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. भर दुपारी ही शेडच्या छपरावर ऊन खात पडलेली, दहा फुटांवर. टाळी वाजवली, तर फक्त एक कान वळवला. मी बादली तिथेच टाकून घरात पळाले आणि कडी लावली. आजोबांनी लहानपणी बजावलं होतं, माणसाला बघून पळत नाही तो पिसाळलेला समजायचा. आपल्याकडे ते आजही खरंच आहे आणि तिकडे तसंच वागा. इथे मात्र १९२२ पासून स्थानिक जनावरांत रेबीज नाही (वटवाघळांतला त्याचा एक भाऊबंद सोडला तर). शेजारच्या आजीबाई कुंपणावरून हसून म्हणाल्या, तिची आईसुद्धा याच छपरावर झोपायची.

तेव्हा उलगडलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनभोवती आमच्यासारख्या जोडघरांच्या वसाहती उठल्या, प्रत्येक घरामागे लांबट बाग. शेडखाली बीळ, कंपोस्टात खरकटं, मागे लागणारं कुणी नाही. अशा कित्येक पिढ्या गेल्यावर माणसाची भीती उरणार किती? कंपोस्टातली काकडीची सालं मात्र ती हुंगून सोडून देते. कोल्हा काकडीला राजी, ही म्हण हॅरोत चालत नाही.

चावण्याचं म्हणाल तर चावली. आईने आणलेली कोल्हापुरी. दाराबाहेर काढून ठेवली होती, सकाळी एकच पाय शिल्लक. दुसरा तीन दिवसांनी आजीबाईंच्या गुलाबाखाली अर्धवट पुरलेला सापडला, अंगठा गायब. घरात आठवडाभर 'कोल्ह्याने कोल्हापुरी नेली' हाच विनोद.

माणसाळलेली आहे का? रशियात नोवोसिबिर्स्कला बेल्यायेव्ह या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीत सगळ्यांत शांत तेवढेच निवडून त्यांची पैदास. काही पिढ्यांत पिल्लं माणूस दिसला की कुत्र्यासारखी शेपूट हलवायला लागली. आमच्या बाईंनी माझ्यासाठी कधी शेपूट हलवलेली नाही. माझ्याकडून काय मिळेल आणि काय धोका, एवढा हिशेब तिने पक्का केलाय.

आणि तो हिशेब मीच बिघडवला. मागच्या मे महिन्यात तिच्यामागून तीन पिल्लं बाहेर आली. मला राहवलं नाही, चपातीचा तुकडा पुढे केला. तिने तो बोटांतून इतका अलगद घेतला की ओठसुद्धा लागला नाही. ते मी चार जणांना फुशारकीने सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तिने पलीकडच्या घरातल्या बाळाच्या ढकलगाडीत डोकं घातलं, बिस्किटासाठी. बाळाला काही झालं नाही, पण त्याचा बाप हादरला. बंदूकवाल्याला बोलावतो म्हणाला. कसंबसं शांत केलं. माझी चपाती मी त्याला सांगितली नाही. सांगायला हवी होती.

त्यानंतर हातातून काही देत नाही. उंबऱ्यापर्यंत आली की "हाड!" म्हणते. पहिले काही दिवस ती बसून राहायची, मान तिरकी करून. आता उठते, सावकाश छपरावर जाते आणि माझ्याकडे पाठ करून झोपते.

आईने नवा जोड पाठवलाय. तो आत ठेवते.