नडी, माऊली, नडी

चिकोडीच्या अलीकडे पहिल्या विसाव्याला बसलो तेव्हा माझं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. भजन चालू होतं. बाकीच्या बायका टाळी वाजवत होत्या आणि आईच्या उजव्या हाताचा अंगठा दोन बोटांवर घोळत होता. समोर पान नव्हतं, जर्दा नव्हता, दोरा नव्हता, पण बोटं वळतच होती. छत्तीस वर्षं बिड्या वळलेल्या बाईचे हात मोकळे बसत नाहीत. ओठही हलत होते. नाव घेत असेल असं वाटून मी जवळ सरकले. ती मोजत होती, कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.

"काय मोजतीस गं?"

"पावलं. हजार झाली की एक हजारी. बघू तरी, पंढरपूरपर्यंत किती हजारी होतात."

आम्ही निपाणीचे. बाबा तंबाखूच्या वखारीत हमाल होते. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणाऱ्यांनी महामार्ग अडवून धरला तेव्हा बाबा विशीतले होते, आणि तेही तिथं जाऊन बसत. 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 शेतकरी गेले. त्या दिवसांबद्दल बाबा फार बोलत नसत. पुढच्या वर्षी त्यांनी माळ घातली, एवढंच आम्हाला माहीत. आई गोकाककडची, लिंगायत घरातली. दोघांचं लग्न कुणाच्याच घरी मान्य झालं नाही. आजीकडे गेलं की मी "कानडीची पोर" आणि आईच्या गावी गेलं की "मराठ्यांची हुडगी". दोन्हीकडे जेवायला वाढत, पण ताट थोडं बाजूला मांडत.

बाबांना तुकोबांचा एक अभंग फार प्रिय होता. कानडी बाईनं मराठी नवरा केला, एकाचं बोलणं एकाला कळेना. ती "इकडे ये" म्हणून कन्नडमध्ये हाक मारते आणि तो बिचारा पळून जातो. बाबा हा अभंग आईला मुद्दाम म्हणून दाखवत. मग आई चुलीपुढून खरंच "इल्लि बा!" म्हणून ओरडायची आणि बाबा परड्यात पळून जायचे. मी आणि माझा भाऊ हसून हसून लोळायचो. देवापुढं आपलं मागणं मांडताना तुकोबांनी हा दाखला दिला आहे हे मला खूप नंतर कळलं. लहानपणी मला वाटायचं, हा अभंग आमच्याच घरावर केलाय.

मी अकरा वर्षांची असताना बाबा गेले. वखारीतली धूळ छातीत बसली होती. पंढरीला एकदा चालत नेतो असं ते आईला दरवर्षी म्हणायचे, आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. बिडी कामगाराला सुट्टी नसते. ज्या दिवशी वळायचं नाही त्या दिवशी पैसे नाहीत.

2024 ची कार्तिकी 12 नोव्हेंबरला होती. आईनं त्याच वर्षी बिड्या वळायचं सूप कायमचं खाली ठेवलं, गुडघे अजून धड होते, आणि मी रजा टाकली. आमची दिंडी पाडव्याला निघाली. आदल्या दिवशी 1 नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, सगळं एकाच तारखेला आलं होतं. 1956 साली राज्यं झाली तेव्हापासून आमच्याकडे ही तारीख अशीच उगवते. एका बाजूला लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या बाजूला काळ्या फिती. लहानपणी त्या दिवशी आई आम्हाला घराबाहेर सोडत नसे. त्या वर्षी तिनं दिवसभर बसून जोंधळ्याच्या खडक रोट्या केल्या. पापडासारख्या पातळ, पंधरा दिवस टिकणाऱ्या. धोतराच्या फडक्यात बांधल्या, वर शेंगाचटणीचा डबा ठेवला आणि म्हणाली, "ही शिदोरी कुठल्या राज्याची, हे आता कुणी विचारायचं नाही."

आई विनोदी आहे असं सगळे म्हणतात. मला नीट सांगायचं आहे की तिचे विनोद कसले होते. घरात आम्ही पैशाला रोक्काच म्हणायचो, पण बँकेच्या कागदावर "हण" लिहिलेलं असायचं. मी सातवीत असताना एकदा मालकाकडच्या तपासणाऱ्यानं आईच्या अर्ध्याअधिक बिड्या छाट म्हणून बाजूला काढल्या. छाटीचे पैसे मिळत नाहीत, आणि पान-तंबाखूचा हिशेब मात्र तुमच्याच अंगावर येतो. त्या संध्याकाळी ती घरात आली, उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "कन्नडात हण म्हणजे पैसा. मराठीत हाण म्हणजे मार. देवानं आपली चिठ्ठी मराठीत वाचली बघा." आम्ही हसलो. रात्री पाण्यात कालवलेलं पीठ प्यालो आणि झोपलो.

माझी शाळा मराठी. कन्नड बोलायला आईच्या दुधाबरोबर आलं, वाचायला मात्र अजिबात येत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी बेळगावला एका नोकरीची परीक्षा होती. स्टँडवर बसच्या पाट्या कन्नडमध्ये, आकडेसुद्धा कन्नडमध्ये. कुणाला विचारायची लाज वाटली. इतकं घडाघडा कन्नड बोलणारी मुलगी पाटी कशी वाचत नाही, असं कुणी म्हणेल असं वाटलं. गर्दीत शिरले, बसले, आणि बस चिकोडीला गेली. परीक्षा हुकली. त्या रात्री मी शेजारच्या पोराचं पहिलीचं कन्नड पुस्तक मागून आणलं. वही नव्हती. बिडीच्या बंडलांची लेबलं घरात पडलेली असायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर रोज एक ओळ अक्षरं काढायची असं ठरवलं. आई पान कापता कापता बघायची. एक दिवस म्हणाली, "माझं नाव कसं दिसतंय, दाखव." तिला तिच्या स्वतःच्या भाषेत सही करायला मी शिकवलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिनं ते लेबल दिव्याजवळ धरून बराच वेळ बघितलं आणि मग सुपाखाली जपून ठेवलं. आज मी एका पतसंस्थेत लिहिण्याचं काम करते. कुणाला मराठीत अर्ज लागतो, कुणाला कन्नडमध्ये. दोन्ही टेबलं माझीच.

आता वारीबद्दल. अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडून मांजरीला उतरलो. पहाटेची वेळ होती, नदीवर धुकं. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकामागून एक कारखान्याकडे चाललेल्या. चालक हॉर्न न वाजवता थांबायचे, खाली उतरून विणेकऱ्यांच्या पायावर डोकं ठेवायचे. एकानं आईला उसाचं कांडं दिलं. मला तिसऱ्याच दिवशी टाचेला मोठा फोड आला. आईनं चंचीतून सुई काढली, दिव्यावर धरली, तिच्यात बिडीचा दोरा ओवला आणि फोडाच्या या कडेतून त्या कडेला काढून दोरा तसाच आत ठेवला. पाणी दोऱ्यावरून हळूहळू बाहेर येतं, कातडी फाटत नाही. वर खोबरेल लावलं. दोऱ्याचा तो गुलाबी रंग मी लहानपणापासून पाहत आले होते. आता तो माझ्या टाचेतून आरपार गेला होता.

कागवाड सोडून म्हैसाळच्या वाटेला लागलो की पाट्यांची अक्षरं बदलतात. माती तीच, ऊस तोच, बोलणंही जवळपास तेच. दिंडीतली एक म्हातारी पाय ओढत होती. आई तिच्या पाठीला हात लावून सारखी म्हणत होती, "नडी, नडी." कन्नडमध्ये नडी म्हणजे चल. दोनेक तासांत आमच्या रांगेतल्या सगळ्या मराठी बायका एकमेकींना तेच म्हणू लागल्या, आणि मिरजेत शिरताना विणेकऱ्यांनीच मागं वळून हाक दिली, "नडी, माऊली, नडी!" मिरज तंबोऱ्यांचं गाव. तिथल्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात असं एका टाळकऱ्यानं सांगितलं, आणि मग मला वाटेतला प्रत्येक वेल बघायची सवय लागली.

आईचं मराठी आजही थोडं अडखळतं, आणि काही शब्द तिनं आपल्या अर्थानं घेतले आहेत. आमच्याकडच्या कन्नडमध्ये "मनी" म्हणजे घर. भजनात "मनी" आलं की बाकीच्यांना मनात असं कळतं. आईला इतकी वर्षं घरात असं कळत आलंय. विठ्ठल मनी आला म्हणजे घरी आला. कवठेमहांकाळच्या मुक्कामाला हे तिनं सहज सांगितलं तेव्हा मी चकित झाले. चूक आहे असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच रात्री कीर्तनात बुवांनी सांगितलं की ज्ञानोबांनी विठ्ठलाला कानडा म्हटलंय, करनाटकु म्हटलंय. आणि कानडा म्हणजे सहजी न उमगणारा, असाही अर्थ घेतात. आई टक लावून ऐकत होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मग सासूबाईंना मी कळले नाही त्यात त्यांचा काय दोष?" हे ती मनापासून म्हणाली. आजीबद्दल तिच्या तोंडून इतकं मऊ वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

नागजला रात्री थंडी पडली. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही एकाच घोंगड्यात झोपलो होतो. झोप येईना म्हणून मी तिला त्या हण-हाणच्या संध्याकाळची आठवण करून दिली. मला वाटलं हसेल. ती बराच वेळ गप्प राहिली.

"त्या दिवशी वखारीपासून चिंचेपर्यंत रडत आले होते मी," ती म्हणाली. "मग चिंचेखाली थांबले."

"का?"

"हात मोकळे होते की. पोरं दारात बसलेली. नुसतं कसं जायचं? काहीतरी न्यायला हवं. म्हणून थांबायची. हसण्यासारखं एखादं सुचलं की मग पाय उचलायचा."

"रोज?"

"ज्या दिवशी काही नसेल त्या दिवशी." मग थोड्या वेळानं म्हणाली, "एकदा काहीच सुचेना. अंधार पडला. शेवटी चिंचेला पाय लागून पडले, तेच येऊन सांगितलं."

ते मला आठवत होतं. ती कशी पडली ते तिनं आम्हाला घरभर करून दाखवलं होतं आणि भावानं पोट धरलं होतं. गुडघा फुटलेला होता, त्यावर तंबाखू दाबलेली होती. मी इतकी वर्षं समजत होते की आई स्वभावानंच हसरी आहे, म्हणून आमचं निभावलं. ते तिचं काम होतं. दिवसभर हजारी वळायची आणि संध्याकाळी चिंचेखाली उभं राहून आमच्यासाठी आणखी एक वस्तू घडवायची, हातात काही नसताना. मी तिच्या कुशीत तोंड घातलं आणि रडले. तिनं केसांवरून हात फिरवत फक्त "अळब्याड" म्हटलं. रडू नको.

जुनोनी, सांगोला, डाळिंबाच्या बागा, शेवटच्या टप्प्यात दुखणारे गुडघे, हे सगळं भराभर मागं पडलं. दशमीला संध्याकाळी आम्ही नदीपलीकडच्या 65 एकराच्या मैदानात पोचलो. तंबूंच्या गल्लीत एक म्हातारी उभी होती, हिरवं इरकल, कपाळाला विभूती. "नम्म मंदि यल्लि?" एवढंच प्रत्येकाला विचारत होती. तिची माणसं हरवली होती. दोन तरुण स्वयंसेवक तिच्याशी धीरानं बोलत होते, पण तिला मराठी येत नव्हतं आणि तिच्या मुठीतली चिठ्ठी त्यांना वाचता येत नव्हती. मी चिठ्ठी घेतली. नातवानं शाळकरी अक्षरात लिहिलेली असावी. गावाचं नाव, दिंडीचं नाव, खाली दहा आकडे, सगळं कन्नडमध्ये. मी एकेक आकडा मोठ्यानं वाचत फोन लावला. ती अथणीकडची होती. माणसं यायला तासभर लागणार होता.

आईनं तिला "बा यव्वा" म्हणून शेजारी बसवलं, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवलीस का, असं विचारलं आणि फडकं सोडलं. तळाशी दोन रोट्या उरल्या होत्या, एक मोडलेली. दोघी गोकाकच्या पाण्याबद्दल, सुनांबद्दल, पायांबद्दल बोलत बसल्या. आई तिला काहीतरी सांगत होती आणि ती म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. मी ते ऐकायला गेले नाही.

एकादशीला मुखदर्शनाच्या रांगेत उभ्या राहिलो. कार्तिकीत देवाचा पलंग काढतात, चोवीस तास दर्शन चालू असतं, तरी रांग संपत नाही. आत पोचल्यावर क्षणभरच मिळतो. आईनं हात जोडले नाहीत. गावाहून आलेलं माणूस दारात उभं राहून बोलतं तसं ती मोठ्यानं म्हणाली, "बंदेवि." आलो आम्ही. मग बाबांचं नाव घेतलं, माझं घेतलं, भावाचं घेतलं. मागून कुणीतरी हळूच पुढं सरकवलं.

बाहेर पायरीवर बसून तिनं दोन्ही गुडघे चोळले आणि मला विचारलं, "उपासाला चालणारा चहा कुठं मिळंल गं?"