एसेक, सितना आणि आमची सामाईक विहीर

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे पाच गावं आहेत. त्यामुळे वस्तीवरच्या बुधवारच्या घरसभेला त्यांना दर आठवड्याला येणं होत नाही. गेल्या जूनमध्ये ते मला म्हणाले, "बायबल अभ्यास आता तू घेत जा. उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय आलाय, तिथून धर." उत्पत्ती म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक. मी जालन्याला बियाण्याच्या कंपनीत उगवणशक्ती तपासतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर-शंभर दाणे मांडायचे आणि ठरलेल्या दिवशी उघडून मोड मोजायचे, असं काम. दाणे उलटून बोलत नाहीत. माणसांसमोर उभं राहायची सवय नव्हती, पण पाळकसाहेबांना नाही म्हणणं त्याहून अवघड होतं.

पहिल्या बुधवारी मी सात पानं लिहून नेली. विषय ठरलेला, सगळे उपदेशक तोच घेतात: अब्राहामाचा मुलगा इसहाक, त्यानं एक विहीर सोडली, दुसरी सोडली, देवानं त्याला तिसरी दिली, म्हणून आपणही भांडण सोडून द्यावं. चाळीस मिनिटं बोललो. नाना भिंतीला टेकून झोपले, पोरं ओसरीवरून केव्हाच पसार झाली. घरी येताना बायको म्हणाली, "तुम्हीच सगळं सांगून टाकलं. आमाला काय ठेवलं?"

रात्री पाळकसाहेबांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "पानं घरी ठेव. तीन प्रश्न घेऊन जा. काय लिहिलंय, त्या काळी त्याचा अर्थ काय होता, आणि आज आपल्याला त्याचं काय. पहिल्यावरच निम्मा वेळ घालव. आणि कुणी काही म्हटलं की विचार, कुठल्या वचनात?" ऐकायला सोपं होतं. करायला गेल्यावर कळलं की पहिल्या प्रश्नावर थांबणं हेच सगळ्यात कठीण. वाचून संपायच्या आत कुणीतरी "म्हणजे देव आपल्याला सांगतो की..." असं सुरू करतंच. त्यात मीही आलो.

आमच्यात निम्म्या लोकांना वाचता येत नाही. म्हणून उतारा दोनदा मोठ्यानं वाचायचा ठरलं. एकदा चर्चमधल्या नेहमीच्या पवित्र शास्त्रातून, आणि दुसऱ्यांदा आत्याबाईंकडच्या जुन्या प्रतीतून. ती पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची. रमाबाई इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल उतरवलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून ते १९२४ साली बाहेर पडलं, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी. आत्याबाईंची प्रत पानापानाला सुटलेली आहे, ती त्या कापडात बांधून आणतात आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. दोन्हीकडं शब्द वेगळे पडले की तिथं थांबायचं. हा नियम कुणी केला नाही, आपोआप पडला.

पुढच्या बुधवारी पहिल्याच वाक्यावर अडलो. "त्या देशात दुष्काळ पडला." नाना जागे झाले. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. तरुण पोरांचा दुष्काळ म्हणजे २०१२-१३, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या तो. देव इसहाकाला सांगतो, मिसरला (इजिप्तला) जाऊ नकोस, याच देशात राहा. एक पोरगा म्हणाला, "जाऊ नको म्हणायला काय जातं? आमचा बाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, तो काय हौसेनं जातो का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, "देवानं नुसतं राहा म्हटलं, का अजून काही?" परत वाचलं. तिसऱ्या वचनात "मी तुझ्याबरोबर असेन" असं आहे. पोराचं समाधान झालं नाही, पण तो पुढच्या वेळी आला. माझ्या हिशोबात ते चांगलं होतं.

बारावं वचन माझ्या धंद्याचं निघालं. इसहाकानं पेरलं आणि त्याच वर्षी शंभरपट पीक आलं. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, बघा केवढा आशीर्वाद. तर समोरून आलं, "शंभरपट म्हणजे काय लई झालं का? शाळू एकरी चार किलो पेरतो, सहा क्विंटल झाला तर दीडशेपट झाला." सगळे हसले. मग मी हिशोब मांडला. गहू एकरी चाळीस किलो लागतो. पाणी दिलं आणि बारा क्विंटल झाला तरी तीसच पट. तिकडं गहू आणि जव ही मुख्य पिकं. बी दाट पडणारी, वर साल दुष्काळाचं. तेव्हा शंभरपट म्हणजे ऐकणाऱ्यानं कानाला हात लावावा असं पीक. इसहाकानं काय पेरलं ते मात्र लिहिलेलं नाही. तेही मी सांगितलं, कारण "कुठल्या वचनात?" हा प्रश्न आता मलाच विचारला जायला लागला होता. घरी येताना येशूचा पेरणाऱ्याचा दाखला आठवला, तिथंही तीसपट, साठपट, शंभरपट आहे. इतकी वर्षं तो नुसते आकडे म्हणून ऐकत होतो.

मधला रिबकेचा भाग मला पटकन उरकायचा होता. जीव वाचवायला इसहाक बायकोला बहीण म्हणतो आणि परका राजा अबीमलेख त्याला खडसावतो. बायकांनी उरकू दिला नाही. "त्याच्या बापानं पण हेच केलं होतं ना?" होय, अब्राहामानं दोनदा. "मंग आशीर्वाद कामून?" हा प्रश्न तीन आठवडे परत परत आला आणि आम्ही तो तसाच पुढं ढकलत नेला. अजून मिटलेला नाही.

आता विहिरी. पलिष्ट्यांनी, म्हणजे अबीमलेखाच्या लोकांनी, अब्राहामाच्या वेळच्या विहिरी माती टाकून बुजवल्या, असं पंधराव्या वचनात आहे. मी विचारलं, जिथं दुष्काळ पडतो तिथं कुणी भरली विहीर कशाला बुजवील? नाना आयुष्यभर विहिरी खोदायच्या कामावर होते. पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवायची आणि ह्यांनी सुरुंग लावायचे. ते म्हणाले, "विहीर म्हणजे कबजा. बुजवली की पुरावा गेला." मला हे कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. मग एकविसावा अध्याय काढला. तिथं अब्राहाम गरारच्या राजाशी, हो, अबीमलेख हेच नाव, विहीर बळकावल्याची तक्रार करतो आणि सात कोकरं देतो, ही विहीर मीच खणली याची साक्ष म्हणून. "स्टँप पेपर," कुणीतरी म्हणालं. आणि अठराव्या वचनात इसहाक जुन्या विहिरी उकरून त्यांना बापानं ठेवलेलीच नावं परत देतो. आमच्याकडं सातबाऱ्यावर विहिरीची नोंद लावायला माणूस किती खेटे घालतो हे सगळ्यांना माहीत. त्या रात्री नाव देण्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

मग खोऱ्यात नवी विहीर लागते. मूळ इब्रीत तिथल्या पाण्याला "जिवंत पाणी" म्हटलंय, म्हणजे वाहतं, झऱ्याचं. नाना म्हणाले, "आपण तरी काय म्हणतो? जिवंत झरा लागला." गरारचे गुराखी येतात, पाणी आमचं म्हणतात. त्या विहिरीचं नाव एसेक, म्हणजे भांडण. पुढची सितना, म्हणजे वैर. हा शब्द आणि सैतान हा शब्द एकाच मुळातले, असं पाळकसाहेबांनी फोनवर सांगितलं होतं. तिसरीवरून भांडण झालं नाही म्हणून ती रहोबोथ, ऐसपैस जागा. मी माझ्या सात पानांकडं वळणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "परत वाच. खणलं कोणी?"

वाचलं. एकोणिसाव्या वचनात इसहाकाच्या चाकरांनी खणलं. भांडणही गुराख्यांचं गुराख्यांशी. शेवटी बत्तिसाव्यातही चाकरच येऊन सांगतात, पाणी लागलं. नाना म्हणाले, "खणणारा वेगळा, नाव ठेवणारा वेगळा. चाळीसेक विहिरी खोदल्या म्या. एकीचं पाणी माझ्या नावावर नाही."

कुणी काही बोललं नाही. मग आत्याबाई बोलल्या, खाली बघत. "त्यांच्या चाकरांना पाणी पिऊ तरी देत असतील. आमची आजी सांगायची, विहिरीजवळ घागर ठेवून दूर उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओतायचा."

आमच्यातल्या काही घरांची मुळं जालन्याजवळच्या बेथेलला जातात. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण, रेव्हरंड नारायण शेषाद्री, यांनी पुढं ती वस्ती वसवली आणि तिथं आलेली बरीचशी माणसं मांग आणि महार समाजातली होती. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, चर्चच्या वर्धापनदिनाला दरवर्षी सांगतात. पण आजवर मी हा अध्याय इसहाक होऊनच वाचत आलो होतो. घागर ठेवून लांब उभं राहिलेलं माणूस त्यात कुठं बसतं, हा विचार शिवला नव्हता. त्या दिवशी पुढं गेलोच नाही. आत्याबाईंनी योहानाचा चौथा अध्याय वाचायला सांगितला, शोमरोनी बाई आणि याकोबाची विहीर. यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, आणि इथं येशू तिच्याकडं पाणी मागतो. म्हणजे तिच्या भांड्यातून प्यायला तयार आहे. आत्याबाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "मागितलं त्यानं. आधी त्यानं."

पुढचा बुधवार वाईट गेला. सभेत दोन चुलतभाऊ येतात, आणि त्यांची एक सामाईक विहीर आहे. आठ-आठ दिवसांची पाळी, वीज रात्रीची, आणि थोरला म्हणतो धाकटा पाळीबाहेर मोटार चालू करतो. दोन वर्षं बोलणं बंद. एक उंबऱ्यापाशी बसतो, दुसरा चुलीकडं. हे मला माहीत होतं, आणि तरी मी तिसरा प्रश्न, "आज आपल्याला काय", सरळ विचारला. मूर्खपणा होता. कुणीतरी भाबडेपणानं म्हणालं, "इसहाकावाणी सोडून द्यावं माणसानं." धाकटा तडकला. "त्याला सरकायला जागा होती. अख्खं खोरं पडलं होतं. मला दीड एकर हाये. कुठं सरकू?" थोरला उठला, चप्पल घातली आणि गेला.

खरं सांगायचं तर धाकट्याचं म्हणणं मजकुराला धरूनच होतं. रहोबोथचा अर्थच जागा. जागा नसलेल्याला सोडून दे म्हणणं सोपं असतं, आणि ते बहुतेक वेळा जागावालाच म्हणतो. माझी सात पानं मी घरी जाऊन फाडली नाहीत, पण ट्रंकेत घातली.

पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अध्याय बाविसाव्या वचनाला संपत नाही." खरंच की. उपदेशात आपण रहोबोथला थांबतो, कारण शेवट गोड होतो. पुढं काय आहे? अबीमलेख आपला सल्लागार आणि सेनापती घेऊन इसहाकाला भेटायला येतो. आणि इसहाक गप्प बसत नाही. सत्ताविसाव्या वचनात तो तोंडावर विचारतो: तुम्ही माझा द्वेष केला, मला हाकलून दिलं, आता कशाला आलात? त्यानंतर करार होतो, जेवण होतं, पहाटे शपथ होते. त्याच दिवशी चाकर सांगत येतात, पाणी लागलं.

थोरला दोन बुधवार आला नाही. तिसऱ्या वेळी आला आणि उंबऱ्यापाशी न बसता बाहेर ओट्यावर बसला. आम्ही हेच शेवटचं वाचत होतो. मी कुणाकडं न बघता वाचत होतो, प्रश्न विचारायची हिंमत नव्हती. सत्ताविसावं झालं तसा तो बाहेरून म्हणाला, "परत वाच ते." वाचलं. "म्हणजे बोलला तो आधी." मी म्हणालो, "हो, बोलला." धाकटा चुलीकडं बघत होता. आत्याबाईंनी चहा ठेवला, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक गीत म्हटलं, सगळे पांगले. विहिरीच्या पाळीचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. मोटारीचा आवाज अजून रात्री येतो, कुणाच्या पाळीचा ते मला ओळखता येत नाही.

विहिरी संपल्या, आता जरा मोकळा श्वास घेऊ, असं मला वाटलं होतं. मग पुढचं पान उलटलं. सत्ताविसावा अध्याय. इसहाकाचीच मुलं, याकोब धाकटा, एसाव थोरला, आणि आंधळ्या बापासमोर वाटणीचा घोटाळा. मी पाळकसाहेबांना विचारलं, हा सोडून अठ्ठाविसावा घेऊ का? ते म्हणाले, "क्रमानं चल."

येत्या बुधवारी तो घ्यायचाय. थोरल्याच्या बायकोनं निरोप पाठवलाय, बसायला एक सतरंजी जास्त लागेल.